दोन हनी

१८ नोव्हेंबर, मंगळवार. काम : अक्कांचं कपाट रिकामं करणं.

सकाळी नऊला सुरुवात केली. खिडक्या दोन्ही उघड्या, हातात रबरी मोजे, शेजारी कोरड्या मातीनं भरलेली बालदी. तेल मोरीत ओतायचं नाही, मातीत जिरवायचं, ही अक्कांची फोनवरची पहिली सूचना. दुसरी, तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, उन्हात एकेक पसरायची. तिसरी, देवाजवळचं निरांजन विझलंय ना ते आधी बघायचं. सातव्या सूचनेला मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. अक्का आता हुबळीला विद्यानगरात भाच्याकडे असतात, इथल्या घराची किल्ली माझ्याकडे. वय एक्क्याऐंशी. दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचा वास गेला. म्हणजे त्यांना आता कशाचाच वास येत नाही. दूध करपलेलं कळत नाही आणि मोगराही कळत नाही. ज्या बाईनं आयुष्याची शेवटची कमाई वासावर केली तिचं नाकच गेलं, याचं मला वाईट वाटलं होतं. त्यांना वाटलं नाही. "बरं झालं की," म्हणाल्या, "आता भाचसून खोलीत काय काय फवारते, त्याचा त्रास नाही."

कपाटात पन्नासच्या आसपास बाटल्या होत्या, सगळ्या तपकिरी काचेच्या. बाराच्या सुमाराला खालच्या कप्प्यात, पार मागे, ती एक बाटली सापडली. ती तिथं असेल असं मला वाटलं नव्हतं. ती फेकली असणार, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. तिच्यावरच्या लेबलावर निळ्या शाईत लिहिलंय : 'नीलगिरी – २ हनी'. अक्षर माझं आहे. गल्लीला मात्र गेली आठ वर्षं ते अक्कांचं वाटतं, कारण अक्का तसं म्हणाल्या आणि मी मागच्या दारात उभी राहून गप्प बसले.

अक्का म्हणजे आमच्या कोणी नात्यातल्या नव्हेत. धारवाडात सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान. त्याआधी तीस-बत्तीस वर्षं त्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत होत्या. पोरांच्या हातून ॲसिड सांडायचं, अक्का निस्तरायच्या. या कामानं माणसाचा जगावरचा विश्वास उडतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी सुगंधी तेलांचं दुकान काढलं. लव्हेंडर, लेमन, पेपरमिंट, गवती चहा, नीलगिरी. शहाबादी फरशीवर एक बाक, एक टेबल, भिंतीवर हातानं लिहिलेला नियमांचा तक्ता, आणि कॉलेजातून आणलेला, खिशाजवळ जळकं भोक पडलेला पांढरा ॲप्रन घातलेल्या अक्का. मी तिथं सहा वर्षं अर्धा दिवस काम केलं. बाटल्या भरणं, लेबलं लिहिणं, गिऱ्हाइकाला बाकावर बसवणं. अक्का मला नावानं हाक मारत नसत. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून मी 'मास्तरांची'.

दुकानात तेल विकत घेणं सोपं नव्हतं. आधी चौकशी व्हायची.

"घरात लहान मूल?"

"नाही."

"मांजर?"

"मांजर कशाला अक्का, मला डोक्याला लावायला—"

"मांजर आहे की नाही?"

"आहे एक."

"मग पेपरमिंट नको. मांजराला सोसत नाही ते. दमा कुणाला? फिट येते कुणाला? दिवस गेलेत का?"

हा शेवटचा प्रश्न त्यांनी एकदा एका नव्या नवरीला तिच्या सासूसमोर, दिरासमोर आणि रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्यासमोर विचारला. नवरी लाल झाली. सासूनं तिच्याकडे बघितलं. अक्कांनी तिघांकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "लाजायचं काय त्यात? पहिले तीन महिने यातलं काहीच नको. खरं बोलली तर बाळ वाचतं." तेल मिळालं नाही. पेढे मात्र चार दिवसांनी आले, म्हणजे प्रश्न वाया गेला नव्हता.

चौकशीतून जो पास होईल त्याची पुढची परीक्षा कोपराच्या आतल्या बाजूला. एक चमचा खोबरेलात तेलाचे दोन थेंब, त्यातलं बोटभर कोपराच्या आत लावायचं, भोवती बॉलपेननं निळं वर्तुळ काढायचं. "धुवायचं नाही. खाज आली, लाल झालं, तर लगेच शेंगदाण्याचं तेल लावून पुसायचं आणि मग साबण. नुसतं पाणी मारायचं नाही, पाण्यानं हे जात नाही. आणि नाळे बन्नी."

नाळे बन्नी म्हणजे उद्या या. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की गल्लीतल्या टवाळांनी दुकानाचं नावच 'नाळे बा' ठेवलं. आमच्याकडे पूर्वी दारावर खडूनं 'नाळे बा' लिहायची रीत होती. रात्री हाक मारत येणारं भूत ते वाचतं, उद्या यायचं ठरवून परत जातं, आणि उद्याही तेच वाचतं. अक्कांच्या गिऱ्हाइकांचं तेच होत होतं. फरक इतकाच की भूत रोज परत येतं, गिऱ्हाईक येत नाही.

गल्लीतल्या बायकांच्या दंडाखाली मात्र ती निळी वर्तुळं दिसत राहायची. हळदीकुंकवाला हात पुढे केला की वर्तुळ. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरी मेंदी दाखवतेय आणि वर कोपरात निळं वर्तुळ. फोटोग्राफरनं ते घालवायचा पुष्कळ प्रयत्न केला म्हणे.

एकदा एक बँकेतले साहेब झोपेसाठी लव्हेंडर मागायला आले. अक्कांनी विचारलं, "झोप येईपर्यंत काय करता?" साहेब म्हणाले, "मोबाईल बघतो." "तो आधी बंद करा. मग पंधरा दिवसांनी या." दुसऱ्या एकानं आमच्याकडूनच लेमन नेलं होतं, खोलीत वास दरवळावा म्हणून. गोरं व्हायला म्हणून त्यानं ते तसंच्या तसं तोंडाला लावलं आणि भर दुपारी स्कूटरवरून हुबळीला जाऊन आला. तोंडावर डाग पडले. तो भांडायला आला तेव्हा अक्कांनी त्याला तक्त्यासमोर उभं केलं आणि सातवा नियम मोठ्यानं वाचायला लावला : लिंबाचं तेल लावून उन्हात जायचं नाही. त्यानं वाचला. "अजून एकदा," अक्का म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाचून तो निमूट गेला. मला वाटतं, शाळा सुटल्यापासून त्याला कुणी असं वाचायला लावलं नसावं.

अक्कांना मांजरं आवडत. पाळलं मात्र एकही नाही, घरात तेलं आहेत म्हणून. गल्लीतला एक बोका रोज यायचा. अक्कांनी दारापासून सहा फुटांवर खडूची रेघ मारली होती, तिच्या पलीकडे त्याची दुधाची वाटी. बोक्याला रेघ कळत होती. गिऱ्हाइकांना तक्ता कळत नव्हता. अक्का हे येईल त्याला सांगायच्या.

आता त्या शब्दाविषयी.

इथं घरोघरी मराठी बोलतात पण त्यात कानडी कुठं सुरू होतं ते कुणाला सांगता येत नाही. थेंबाला कानडीत 'हनि' म्हणतात, आणि आम्हीही म्हणतो. अक्का तर थेंब म्हणतच नसत. त्यांचं म्हणणं, "थेंब पावसाचा, घामाचा. केवढाही असतो. हनि म्हणजे ड्रॉपरमधून पडते ती. एक हनि म्हणजे एक हनि, सवा नाही." हे शास्त्र त्यांनी कुठून काढलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. लेबलवर 'थेंब' लिहू का म्हटलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी 'बचकभर' म्हणाले.

त्या दिवशी नीलगिरीची बारा लेबलं लिहायची होती. लेबल बोटाच्या पेराएवढं. अक्का सांगत होत्या, मी लिहीत होते.

"नीलगिरी. रेघ. दोन हनि."

मी लिहिलं. अक्कांनी चष्मा नाकावर घेतला.

"ही दुसरी वेलांटी का दिलीस?"

"मराठीत शेवटचा इकार दीर्घ असतो."

"शब्द कानडी आहे की. पहिली दे."

"लेबल मराठी आहे. पाणी, वाणी, हनी. दीर्घच."

"अगं, हनी दिसतं ते."

"हनीच आहे, अक्का."

"पहिली दे म्हणते ना मी."

सकाळपासून हे असंच चाललं होतं. बुचं उलटी ठेवली, गाळणी पुसली नाही, खिडकी अर्धीच उघडली. मी तेव्हा पंचेचाळिशीची होते आणि शुद्धलेखन माझ्या बापानं मला छडीनं शिकवलेलं होतं. केमिस्ट्रीच्या बाईनं मला वेलांटी शिकवावी हे काही मला सहन झालं नाही. "तुम्ही हनि मोजा, वेलांट्या मी बघते," असं म्हणून मी बाराच्या बारा लेबलांवर दुसरी वेलांटी ठोकली. अक्कांनी चष्मा वर सरकवला आणि बुचं मोजायला घेतली. सहा वर्षांत वादात मी त्यांना हरवलं असं ते एकदाच.

त्यातली एक बाटली वकिलांच्या काकूंनी नेली. काकू म्हणजे पलीकडच्या तिसऱ्या घरातल्या, छातीला सर्दी धरून बसणाऱ्या. त्यांची चौकशी झाली, वर्तुळ निघालं, त्या दुसऱ्या दिवशी आल्याही. एक चमचा खोबरेलात दोन हनि, छातीला चोळायचं, हे त्यांना पाठ होतं. सोबत नियमांचा छापील कागदही दिला होता. काकूंनी तो पापडाच्या डब्याला घातला.

महिन्याभरानं काकू लग्नाला बेळगावला गेल्या. घरी सून आणि चार वर्षांची नात. सून नाशिककडची, लग्न होऊन पाच वर्षं झालेली. कानडी तिला रिक्षावाल्यापुरतं येत होतं. नात दोन दिवस खोकत होती. सुनेनं सासूच्या कपाटातून बाटली काढली. 'नीलगिरी – २ हनी'. आमच्या बहुतेक लेबलांवर नावं इंग्रजीच होती, लेमन, लव्हेंडर, पेपरमिंट. त्या मेळ्यात हनी म्हणजे मध, यात तिचं काय चुकलं? खोकल्याला मध तर सगळेच देतात. दोन चमचे मध घेतला, त्यात अंदाजानं अर्धा चमचा नीलगिरी घातलं. पोरीनं थोडं गिळलं, थोडं थुंकलं.

दुपारी तीनला दुकानातला फोन वाजला. मी उचलला. सून रडत होती. मी फोन अक्कांकडे दिला आणि शेजारी उभी राहिले. त्यांचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"किती दिलं? ... अर्धा चमचा. कधी? ... वीस मिनिटं. जागी आहे? ... पेंगतेय. हं. वांती करवायची नाही. मीठपाणी देऊ नको, दूध देऊ नको, बोट घालू नको घशात. उलटी करवली तर तेल फुप्फुसात जातं. कुशीवर धर. बाटली बरोबर घे. मी रिक्षा घेऊन येते, दारात उभी राहा." मग क्षणभर थांबून, "कशातून दिलंस?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एका हनिला पडायला लागतो तेवढाच वेळ.

त्या ॲप्रनवरच गेल्या. मी दुकानात राहिले. उरलेल्या अकरा बाटल्यांपैकी सहा विकल्या गेल्या होत्या, पाच फळीवर होत्या. पाचही खाली काढून ठेवल्या आणि विकलेल्या सहा घरांना एकेक करून फोन केला. "हनी म्हणजे थेंब. पोटात घ्यायचं नाही." पाच जणी म्हणाल्या, "माहीत आहे की." एकीनं विचारलं, "का हो, कुणी प्यालं का?" मी फोन ठेवला.

वाटेत रिक्षात पोरीनं एक आचका दिला, असं अक्का नंतर म्हणाल्या. दवाखान्यात दोन दिवस ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, घरी उलटी करवली का? सून म्हणाली, नाही, अक्कांनी नको सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ते बरं केलं. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली आणि खिडकीतून बोक्याला हाका मारायला लागली.

त्याच संध्याकाळी काकू दुकानात आल्या. मागे चार-पाच बायका. काकूंच्या हातात ती बाटली.

"हे कुणी लिहिलं?" काकूंनी बाटली टेबलावर आपटली. "हनी म्हणे! शिकलेल्या बाईला एवढं कळू नये? कोपरात वर्तुळं काढत बसता, आणि माझी नात मरत होती!"

मी मागच्या दारात होते, हातात धुतलेलं नरसाळं. अक्का उठून उभ्या राहिल्या.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे, काकू. दुकान बंद करते."

नरसाळ्यातून पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं. तोंड उघडायला मला भरपूर वेळ होता. काकू अजून दहा मिनिटं बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी रबरी शिक्का करून आणला : 'पोटात नको'. काकूंनी आपटलेली ती सोडून उरलेल्या प्रत्येक बाटलीवर तो मारला, मोठा, लाल, लेबल झाकून टाकणारा. एवढं करून एकही बाटली विकली नाही, कपाटाला कुलूप लावलं. मी एकदाच विषय काढला. "अक्का, वेलांटी माझी होती." त्या शिक्क्याची शाई पुसत होत्या. "दुकान माझं, हनि माझी, वेलांटी तुझी," म्हणाल्या. "तीनातली दोन माझी की. जास्त वाटा असतो त्यानं बोलायचं." मला हे गणित सोयीचं वाटलं. मी मान्य केलं आणि पुढच्या महिन्यात एका शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. तिथं मी पत्रांतल्या वेलांट्या तपासते.

तर आज. दुपारी मी बालदी घेऊन बाहेर आले तेव्हा वकिलांच्या काकू ओट्यावर मटार सोलत होत्या. आता ऐंशीला आल्यात. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "फेकताय का एकदाचं ते विष? बरं करता. त्या बाईनं माझ्या नातीला मारलंच होतं. तुम्ही चांगल्या हो, तुम्ही तरी वेळेत बाहेर पडलात."

मी काहीतरी पुटपुटले. शब्द आठवत नाहीत, ते फार चांगले नसावेत. घरी येऊन अक्कांना फोन लावला.

"ती बाटली सापडली."

"कुठली?"

"हनी."

"ती हो. कुणी परत विचारलं की चूक कुणाची, तर दाखवायला ठेवली होती. आता ओत."

"उद्या काकूंना सांगणार आहे. अक्षर माझं म्हणून."

अक्का म्हणाल्या, "सांग की. पण प्रमाणात सांग. सगळी चूक अंगावर घेऊन रडत बसू नको, त्या बाईला ते सोसायचं नाही. तुझी एक तृतीयांश. आणि वेलांटी पहिली होती की नाही, तेही सांग."

१९ नोव्हेंबर, बुधवार. आठ वाजता बाटली पिशवीत घालून, निळं पेन घेऊन काकूंकडे गेले. काकू बाकावर बसून गुडघे चोळत होत्या. सून आत डबे भरत होती. नात शाळेच्या गणवेशात बूट शोधत होती. बारा वर्षांची, माझ्या खांद्याला लागते.

मी बाटली टेबलावर ठेवली. कोरा कागद काढला, त्याच्यावर काकूंच्या समोर लिहिलं, 'नीलगिरी – २ हनी', आणि कागद बाटलीशेजारी सरकवला. "अक्षर जुळवून बघा, काकू. ते अक्कांचं नव्हतं. अक्का पहिली वेलांटी दे म्हणत होत्या, मी ऐकलं नाही."

काकूंनी चष्मा लावला. बाटली, कागद, बाटली. सून पोळीचा डबा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

नातीनं बूट घालता घालता मान लांब करून वाचलं. "दोन हनि. दोन थेंब की, आज्जी. एवढं काय बघताय?"

सुनेनं डबा खाली ठेवला. तिच्याकडे बघून मी म्हणाले, "तुमच्यावर ते ओळखायची वेळच यायला नको होती हो. 'पोटात नको' लिहायला जागा होती, मी वेलांटीला वापरली."

"मग आठ वर्षं का नाही सांगितलंत?" सुनेनं विचारलं.

"भीती वाटली," मी म्हणाले. ती आत गेली. थोड्या वेळानं आतून भांड्याचा आवाज आला, चहाचं पाणी ठेवल्याचा.

काकू बाटलीकडेच बघत होत्या. मग बाकाखालून त्यांनी एक छोटी बाटली काढली. हुबळीच्या कुठल्याशा मॉलमधली, सोनेरी बुचाची. त्यावर फुलाचं चित्र आणि काहीतरी इंग्रजीत. "हे गुडघ्याला लावतेय मी कालपासून," त्या म्हणाल्या, "तसंच. आग होतेय फार. वाचा बघू, काय लिहिलंय?"

मी वाचलं. पेपरमिंट. खोबरेलाचा डबा मागवला, आधी गुडघा खोबरेलानं पुसून काढला, मग साबण. अर्धा चमचा खोबरेल, एक हनि. काकूंचा हात धरला, कोपराच्या आत बोट लावलं आणि निळ्या पेननं वर्तुळ काढलं.

"घरात मांजर आहे?" मी विचारलं.

"नाही. का हो?"

"धुवायचं नाही," मी म्हणाले. "नाळे बन्नी, काकू."